आप्पांना, बारा नंबरकडून

आप्पा,

शि. सा. न. वि. वि.

तुमच्या घरचा लँडलाईन लावून पाहिला, तर असा नंबरच नाही म्हणून बाई सांगते. लॉजच्या जागी मोबाईलचं दुकान झालंय. म्हणून हे उघडं पत्र. जळगावात नाहीतर अमळनेरात कोणी ओळखीचं वाचेल आणि तुम्हाला वाचून दाखवेल.

२००८ चा उन्हाळा. मी सावद्याचा पोरगा, नेटवर्किंगच्या परीक्षेसाठी जळगावात खोली करून राहिलेलो. जुने राउटर कसेबसे तीन जमवले होते, आयएसडीएनचा, म्हणजे डिजिटल फोन लाईनचा, सिम्युलेटर घ्यायची ऐपत नव्हती. स्टेशनजवळच्या मामांच्या लॉजमध्ये इंटरकॉमची पेटी होती. तिच्यावरच्या ११ आणि १२ नंबरच्या खोल्या रिकाम्या, त्यांच्या लाईनी मामांनी रात्रीपुरत्या दिल्या. दोन राउटरांच्या ऑक्स पोर्टला, म्हणजे जादा जोडणीच्या जागी, दोन मोडेम, फोनच्या लाईनवरून डेटा नेणारे डबे. तिसऱ्या राउटरला फ्रेम रिलेचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या डेटा लाईनींचा, स्विच बनवून मधे बसवला, ती मुख्य लाईन. मुख्य लाईन गेली की बाराने अकराला फोन लावायचा, काम नसलं की ठेवून द्यायचा. एवढंच घडवायचं होतं, आणि त्यात तीन आठवडे गेले.

पहिल्या रात्री फोनच लागेना. मोडेम म्हणे डायल टोन नाही. तुम्ही काउंटरवर वर्तमानपत्र घेऊन बसला होता. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेला माणूस आहे हे मला माहीतही नव्हतं. तुम्ही उठलात, बाराचा रिसीव्हर कानाला लावलात आणि म्हणालात, "हाऊ टोन पेटीना शे, एक्स्चेंजना नही." मोडेम वाट बघत होता एका टोनची, पेटी देत होती दुसरा. मॅन्युअलमध्ये शोधलं तर औषध निघालं एटी एक्स ३, म्हणजे टोनची वाट न बघता डायल कर. लागला फोन. मोडेमच्या डब्यावर वेग ५६ के छापलेला, पण दोन्ही टोकांना साधी लाईन असली की ३३.६ च्या वर जात नाही. तरी ती शिट्टी ऐकून मी नाचलो होतो. मामांनी वरून ओरडून गप्प केलं.

मग उलटं दुखणं सुरू झालं, फोन सुटेना. हे मला कळलंच नव्हतं, मी तर जोडणी टिकते म्हणून खुशीत. तुम्हीच पेटीवर बोट ठेवलंत. बाराचा दिवा दोन तास झाले विझलेला नाही, एवढं कोण बोलतंय? राउटरवर शो डायलर ही कमांड मारली. फोन कशासाठी लावला त्या ओळीत पत्ता होता २२४.०.०.५, म्हणजे ओएसपीएफचे हॅलो. ओएसपीएफ ही राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत, आणि हॅलो हा तिचा 'मी जिवंत आहे' असा निरोप. दर १० सेकंदांनी एक हॅलो जायचा आणि काम नसलं की फोन ठेवणारं १२० सेकंदांचं आयडल टायमर पुन्हा पहिल्यापासून. बोलणारं कोणी नव्हतंच, दोघं नुसते "हॅलो, हॅलो" करत बसले होते. तुम्ही हसून हसून बेजार. डायलर लिस्टमध्ये, म्हणजे कशासाठी फोन लावायचा त्या यादीत, त्या पत्त्याला नकार लिहिला. हॅलो जाऊ देत, पण त्यांच्यासाठी फोन उचलायचा नाही आणि धरूनही ठेवायचा नाही. दोन मिनिटांनी दिवा विझला, तेव्हा तुम्ही चहा सांगितलात.

पण खरे आभार तिसऱ्या रात्रीचे आहेत. कोणाच्या तरी वहीतून मी बॅकअप इंटरफेसची कमांड उतरवली होती, मुख्य जोडणी पडली की राखीव उठवणारी, आणि मुख्य लाईनच्या सिरीयल पोर्टवर लावली होती. माझ्याकडची केबल उपटली की फोन लागायचा, झकास. पलीकडच्या राउटरची केबल उपटली की काहीच नाही. मोडेम स्टँडबायमध्ये ढिम्म, पलीकडून उत्तर येतं का ते बघणारं पिंग मरतंय, आणि माझी सिरीयल अप, प्रोटोकॉलही अप. राउटर खराब आहे असं मी ठरवूनच टाकलं होतं.

तुम्ही विचारलंत, तुझी तार कुठपर्यंत जाते? म्हटलं, मधल्या स्विचपर्यंत. "मग तेवढीच चांगली शे," तुम्ही म्हणालात. डायल टोन आपल्याच एक्स्चेंजचा असतो, चोपड्याकडची लाईन तुटली तरी तो येतोच, आणि गिऱ्हाईक भांडतं की माझा फोन तर चालू आहे. माझी सिरीयल स्विचशी बोलून समाधानी होती. पलीकडच्या गावाचा निरोप तिच्याकडे नव्हताच.

निरोप होता ओएसपीएफकडे. बॅकअप इंटरफेस काढला आणि त्याच नेटवर्कचा स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेला रस्ता, मोडेमकडे लिहिला, डिस्टन्स २००. ज्याचा आकडा कमी तो रस्ता आधी. ओएसपीएफचा ११०, म्हणून तो जिवंत असेपर्यंत हा टेबलात दिसतच नाही. पलीकडची केबल उपटली आणि थांबलो. फ्रेम रिलेवर डेड टायमर, म्हणजे हॅलो न आल्यास पलीकडचा मेला असं धरायची मुदत, १२० सेकंदांचा. तुम्ही बशीत चहा ओतून फुंकत होता, मी घड्याळ बघत होतो. दोन मिनिटं फार लांब असतात आप्पा. मग शो आयपी राउटच्या यादीतला ओएसपीएफचा ओ गेला, स्टॅटिकचा एस आला, पिंग मारलं आणि बाराच्या मोडेमने डायल केलं. तुमचा चहा संपला नव्हता.

हे आत्ताच आठवायचं कारण रावेरकडचं एक शीतगृह. मागच्या महिन्यात रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली. बॅकअपला फोर-जीचा राउटर बसवलेला, तरी सगळं बंद. तिथली पोरं बॉक्सवरचा हिरवा दिवा दाखवत होती, "सर, पोर्ट तर अप आहे." पोर्ट अप होताच, भिंतीवरच्या बॉक्सपर्यंतची दोन मीटरची केबल धडधाकट होती. त्यामुळे बाहेर जायचा मुख्य डिफॉल्ट रूट हलेना. मी त्यांना विचारलं, तुमची तार कुठपर्यंत जाते? लांबच्या पत्त्याला सतत पिंग लावून मुख्य रूट त्या पिंगला बांधला. उत्तर बंद झालं की रूट जातो आणि फोर-जी पुढे येतं. अर्ध्या तासाचं काम. पोरांना वाटलं मी फार हुशार.

त्या रात्रींच्या चहाचे पैसे तुम्ही एकदाही देऊ दिले नाहीत. मोडेम अजून माझ्या माळ्यावर आहेत, दोन्ही. कुठे राहता तेवढं कळवा. कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन येतो, मिरची तुमच्या हिशेबाने.

तुमचा,
बारा नंबर