वश्या, न्यायमंदिराबद्दल

दांडिया बाजार, वडोदरा
रविवार, दुपार

प्रिय वश्या,

स. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र अजून खणातच आहे. शिव्या नंतर घाल, आधी हे वाच. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि आपण दोघांनी जिथे वकिली केली त्या जुन्या कोर्टाचा, न्यायमंदिराचा, विषय निघाला की मग तर मुळीच नाही.

तब्येत ठीक. साखर वर-खाली, हिचे गुडघे तसेच.

तर झालं असं. शमाची धाकटी, सई, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने प्रबंधासाठी आपलं न्यायमंदिर घेतलंय. परवा काखेत गुंडाळ्या मारून आली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर अख्खी इमारत पसरली. चार कोपऱ्यांना लोणच्याच्या बरण्या. काय सुरेख काढलंय रे पोरीने! एकेक कमान, मधलं दोन मजले उंच दालन, वरची गॅलरी, भिंतीचं मोझेइक, मधोमध चिमणाबाई राणीसाहेबांचा पुतळा. मी चष्मा लावून आपली जागा शोधायला लागलो. सापडली, पण पिवळ्या रंगात. म्हटलं, हे पिवळं काय गं? तर म्हणे, "आजोबा, पिवळं म्हणजे काढून टाकायचं. ती सगळी नंतरची भर आहे."

नंतरची भर! कोर्टाचे नाझर बापू यांची खोली, रेकॉर्डचा पोटमाळा, देसाईसाहेबांच्या कोर्टाचं लाकडी पार्टिशन, ज्याच्या फटीतून तू आतल्या साहेबांचा मूड बघून यायचास आणि मग अशिलाला सांगायचास की आज मुदत मागू या, सगळं पिवळं. फक्त पुतळा आणि कमानी काळ्या शाईत, म्हणजे राहणार.

मी तिच्याशी भांडलो नाही. भांडणार तरी कशावर? कागदोपत्री तिचीच बाजू खरी. इमारत मुळात कोर्ट म्हणून बांधलेलीच नाही, हे तू मला चहाच्या टपरीवर हजारदा ऐकवलं आहेस. सयाजीराव महाराजांनी वास्तुरचनाकार चिझमकडून ती मंडई म्हणून बांधून घेतली. 1896 साली व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिनने उद्घाटन केलं. नाव महाराजांच्या पहिल्या राणीचं, चिमणाबाईंचं, आणि ती बिचारी तंजावरची पोर 1885 मध्येच, विशीच्या उंबरठ्यावर गेलेली. दुसऱ्या राणीसाहेबही चिमणाबाईच, त्यामुळे निम्मं बडोदं अजून पुतळ्याखाली उभं राहून भलत्याच बाईबद्दल बोलतं. तुझी आत्याही त्यातलीच, आठवतंय ना?

सईकडून एक गोष्ट मात्र नवी कळली. चिझम म्हणजे मद्रासचा सिनेट हाऊस बांधणारा, आणि लक्ष्मीविलास राजवाड्याचं काम त्याचा मूळ रचनाकार मेजर मँट 1881 मध्ये वारल्यावर पुढे नेणारा, एवढं मला ठाऊक होतं. मँटने आधी कोल्हापूरचा नवा राजवाडा केला, हेही. पण या कमानींचा घाट बायझंटाईन, म्हणजे पार इस्तंबूलकडच्या जुन्या चर्चांचा, याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्याखाली उभं राहून आपण फक्त पुकारा कधी होतो तेवढं ऐकलं. आणि कल्पना कर, चर्चच्या कमानीखाली दुधी आणि वांगी विकायची! महाराजांचा थाटच वेगळा. 1906 च्या सुमारास खंडेराव मार्केट बांधलं, तर तिथे महापालिका जाऊन बसली. बडोद्यात मार्केट म्हणून जे बांधाल त्यात सरकार शिरतं.

तुझं वाक्य सांगितलं तिला: "मंडईत मंडईच भरते, फक्त भाजीऐवजी तारखा विकतात." पोट धरून हसली. प्रबंधात घालते म्हणाली. त्याचं नाव टाकू नकोस म्हटलं, अजून बार कौन्सिलची सनद आहे त्याच्याकडे.

आता मुद्द्यावर येतो. 2018 ला कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं. न्यायमंदिराचं म्युझियम करायचं, असं तेव्हापासून ऐकतोय. होऊ दे. पण म्युझियम कशाचं? सई म्हणते, मूळ रूप परत आणायचं. मूळ म्हणजे 1896. म्हणजे जी मंडई आपण कुणी डोळ्यांनी बघितली नाही तिच्यासाठी, जे कोर्ट सगळ्या शहराने भोगलं ते पुसायचं? बडोद्यात मंडई आठवणारा एक माणूस काढून दाखव. आणि तिथे हेलपाटे घातलेली माणसं मोजायला गेलास तर सूरसागर तलावाला तीन वेढे पडतील.

मी तिला अण्णांच्या वकिलीच्या गोष्टी सांगितल्या. हिंदू विवाह कायदा देशात 1955 चा, आपल्या संस्थानात घटस्फोटाचा कायदा 1931 लाच झाला होता. 1949 ला संस्थान मुंबई राज्यात गेलं, 1960 ला गुजरात झालं, सरकारं बदलली, शिक्के बदलले, आणि अण्णा त्याच बाकावर बसून तेच दावे चालवत राहिले. तिने सगळं मन लावून लिहून घेतलं. मग विचारलं, "पण आजोबा, हे मी ड्रॉइंगमध्ये कुठे दाखवू?" मला उत्तर देता आलं नाही. वकिली केली आयुष्यभर, आणि पोरीच्या एका प्रश्नाला मुदत मागितली.

तू म्हणशील, ते प्लायवूड, त्या लोंबत्या वायरी, कोपऱ्यांतल्या पानाच्या पिचकाऱ्या, हे जपायचं? नाही रे. त्या दालनात आवाज इतका घुमायचा की साक्षीदार हो म्हणाला की नाही यावरून आपण दोघांनी केवढा वाद घातला होता, ते मी विसरलेलो नाही. (तो "नाही"च म्हणाला होता.) कोर्टाला ती जागा सोयीची नव्हती, हे आज लेखी देतो, फ्रेम करून लाव. पण एक खोली, एकच, होती तशी ठेवली तर चिझमचं काय बिघडतं? साहेबांचं डायस, साक्षीदाराचा पिंजरा, बाहेर पक्षकारांचा बाक. त्या बाकाची कड बसून बसून गुळगुळीत झालेली, तिच्यावर कुणीतरी चाकूने "भगवान बधुं जुए छे", म्हणजे देव सगळं बघतो, असं कोरलं होतं. तू त्याच्याखाली "पण मुदत देतो" असं पेन्सिलीने लिहिलंस, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

हिला हे सांगितलं तर म्हणाली, तुम्हाला इमारतीचं नाही, स्वतःचं म्युझियम हवंय. असेल. तुला काय वाटतं ते खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको.

तुझं मोतीबिंदूचं झालं का? समीरला मुलगी झाल्याचं कळलं, अभिनंदन, नाव काय ठेवलं? वहिनींना लीलो चेवडो पाठवतोय, तू खाऊ नकोस.

आणि एक काम. देसाईसाहेबांच्या निरोपसमारंभाचा फोटो तुझ्याकडे आहे, त्यात मागे ते पार्टिशन आणि डायस दोन्ही दिसतात. नातवाकडून मोबाईलवर काढून पाठव. सईचं सबमिशन महिनाअखेरीला आहे, तेव्हा तुझी नेहमीची मुदत मागू नकोस.

तुझा,
पद्या