पाचवी सिंफनी: नियती राहू द्या, ट्रॉम्बोन कधी येतात ते सांगा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बेथोवनच्या पाचव्या सिंफनीचा परिचय वाचला. मराठी दैनिकाने पाश्चात्त्य अभिजात संगीताला पाऊण पान दिले, हे चांगलेच झाले. मात्र त्यातली निम्मी जागा सुरुवातीच्या चार सुरांविषयीच्या ‘नियती दार ठोठावते’ या वाक्याने आणि ठार बहिऱ्या संगीतकाराच्या चित्राने खाल्ली. दोन्हींवर विसंबता येत नाही आणि प्रत्यक्ष ऐकताना दोन्हींचा काही उपयोगही नाही.

नियतीचे वाक्य बेथोवनच्या तोंडी घातले ते आंटोन शिंडलरने, १८४० सालच्या चरित्रात. हा गृहस्थ बेथोवनचा चिटणीस झाला १८२० नंतर. सिंफनी पुरी झाली १८०८ मध्ये. पुढे बेथोवनशी लोक वह्यांत लिहून बोलत, त्या वह्यांत शिंडलरने मागाहून पदरची वाक्ये घुसडल्याचे १९७७ मध्ये उघडकीस आले. शिष्य चेर्नीच्या मते तर ते सूर एका पिवळ्या पाखराच्या शिळेवरून सुचले. तेही सोडून देऊ. बहिरेपणाचे म्हणाल, तर त्या वह्या सुरू झाल्या १८१८ च्या सुमारास. १८०८ मध्ये ऐकू कमी येत होते, पण ज्या मैफलीत ही सिंफनी प्रथम वाजली तिथेच बेथोवनने आपला चौथा पियानो कन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) स्वतः वाजवला.

ती मैफल २२ डिसेंबर १८०८ ची, व्हिएन्नातल्या थिएटर आन डेर वीनमधली. कडाक्याची थंडी आणि कार्यक्रम सुमारे चार तासांचा: पाचवी आणि सहावी सिंफनी, कन्चेर्तो, मासचे (चर्चमधल्या प्रार्थनेच्या संगीताचे) काही भाग, शेवटी पियानो, वाद्यवृंद आणि गायकवृंदाची कोरल फँटसी. ही फँटसी मध्येच कोसळली आणि पुन्हा सुरू करावी लागली. तालीम अपुरी होती, दुसरे काय! शिवाय त्या दिवशीच्या पत्रकात आज जी सहावी ती पाचवी होती आणि पाचवी ती सहावी. जुने वृत्तांत वाचताना हा क्रमांकांचा घोळ ध्यानात ठेवावा लागतो.

आता सुरुवातीचे चार सूर. वाजवतात फक्त तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट, तेही सगळे एकच सूर. खाली कॉर्ड (एकत्र वाजणारे वेगवेगळे सूर) नाही. ‘सी’ला षड्ज मानले तर प प प, कोमल ग, मग म म म, रे. पहिल्या पाच बारांत (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) षड्ज येतच नाही. ‘ई फ्लॅट’ला षड्ज मानून ऐकले तर हेच सूर ग ग ग सा, रे रे रे नी असे निघतात आणि तेही कानाला पटते. म्हणजे रचना मायनर (कोमल गंधाराची) आहे की मेजर (शुद्ध गंधाराची), याचा निकाल पुढे लागतो. तालाच्या भाषेत सम रिकामी आहे आणि उचल समेनंतर, अर्ध्या मात्रेची विश्रांती घेऊन. वादकांची कसोटी इथेच लागते. कंडक्टरचा इशारा थोडा जरी संदिग्ध झाला तर पन्नासएक माणसे एकत्र सुटत नाहीत, किंवा तीन आघात घाईत ट्रिपलेटसारखे (एका मात्रेत तीन समान सूर) निघतात आणि चौथ्यावर भलतेच वजन पडते. दुसरा लांब सूर पहिल्यापेक्षा एका बारने मोठा लिहिलेला आहे. दोन्ही सारखेच थांबवले तर स्कोअर (रचनेची लिखित प्रत) नीट वाचलेला नाही असे समजावे.

पहिल्या भागात एका जागी हॉर्न ललकारी देतात. तीच ललकारी मेजरमध्ये परत येते तेव्हा ती ‘बसून’ या खर्जातल्या लाकडी फुंकवाद्याकडे आहे. तेव्हाच्या हॉर्नना व्हॉल्व्ह (सूर बदलणाऱ्या झडपा) नव्हते; पट्टी बदलायची तर नळीचा जोडतुकडा बदलावा लागे, आणि तेवढी उसंत तिथे नाही. आज बरेच कंडक्टर ती जागा हॉर्नना देतात. मला ‘बसून’च बरे वाटतात, पण ऐकणाऱ्याने स्वतः ठरवावे.

खरी मौज शेवटच्या भागात आहे. तीन ट्रॉम्बोन (सरकत्या नळीची पितळी वाद्ये), पिकोलो (छोटी, उंच सुरांची बासरी) आणि कॉन्ट्राबसून (अतिखर्जातला ‘बसून’) ही मंडळी तोवर गप्प असतात. काउंट ओपर्सडोर्फला लिहिलेल्या पत्रात बेथोवन कौतुकाने सांगतो, की तीन टिंपनी (नगाऱ्यासारखी वाद्ये) नाहीत, तरी सहा टिंपनींपेक्षा जास्त आवाज निघेल. (काउंटने पैसे मोजले होते, सिंफनी गेली ब्राइटकोप्फ उंड हेर्टेल या प्रकाशकाकडे.) पहिल्या ट्रॉम्बोनवाल्याची अवस्था बिकट असते. वीस-बावीस मिनिटे बसून राहायचे. तेवढ्यात धातू गार पडून सूर उतरतो, ओठ आखडतात, आणि पहिलाच सूर तार सप्तकातला ‘सी’. म्हणून अनुभवी वादक आधीच्या भागात वाद्यात हळूच गरम श्वास सोडत राहतात. सिंफनीत ट्रॉम्बोन आणणारा बेथोवन पहिला, हे वाक्यही टाळावे. स्वीडनमधल्या योआखिम एगर्टने १८०७ मध्येच ते आणले होते.

तिसऱ्या आणि चौथ्या भागात थांबा नाही. खाली कोमल धैवत धरलेला, टिंपनीवर हलक्या हाताने षड्ज, असे सुमारे पन्नास बार जातात आणि एकदम सगळा वाद्यवृंद उसळतो. परिचयात हे एक वाक्य असते तर लोक त्या शांततेत खोकायला लागत नाहीत.

छपाईच्या चुकीचाही एक किस्सा आहे, आपल्या प्रूफरीडरना आवडेल. तिसऱ्या भागात दोन बार चुकून जास्त छापले गेले. ते काढा, असे बेथोवनने १८१० मध्ये प्रकाशकाला कळवले. दुरुस्ती झाली १८४६ मध्ये, संगीतकार मेंडेल्सोनच्या आग्रहानंतर.

मुंबईत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तेव्हा असे परिचय आपल्याला पुन्हा छापावे लागणारच. त्यात निदान एवढे यावे: भाग किती, प्रत्येकाला साधारण किती वेळ, कुठे थांबा नाही, कोणते वाद्य उशिरा येते. सहाव्या सिंफनीसाठी तर हे फारच गरजेचे आहे. तिचे शेवटचे तीन भाग सलग वाजतात.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई