बाबा, आधी हळकुंड मोडून बघा

तीर्थरूप बाबा आणि आई, साष्टांग नमस्कार.

फोनवर आईच्या गुडघेदुखीच्या गोळीचा विषय काढला की बाबा "बरं, जेवलीस का?" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून लिहायला बसले.

मागच्या रविवारी आईच्या पायांना तेल चोळताना घोट्याच्या वर अंगठा दाबला गेला, तिथे खळगा पडला आणि तो भरायलाच तयार नाही. "उन्हानं होतं गं," आई म्हणाली. मग फ्रिजवरचा बिस्किटांचा डबा उघडला. त्यात एक स्ट्रिप होती, नाव निम्मं कापलेलं, 'डायक्लो' एवढंच वाचता येत होतं. आमराईत फिरायला येणाऱ्या तुमच्या मित्रांनी, त्या काकांनी, दिलेली. त्यांचा गुडघा आठवड्यात मोकळा झाला, म्हणून आईलाही सुरू. रोज एक, दोन महिने.

काकांनी मायेनंच दिली असणार. पण त्यांना बीपी नाही, शुगर नाही. आईला पंधरा वर्षं मधुमेह आहे आणि बीपीसाठी ती टेल्मिसार्टन घेते. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी चढवते, मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करते. टेल्मिसार्टन सोबत असली की मूत्रपिंडावरचा भार आणखी वाढतो. (आई, बीपीची गोळी मात्र मनानं थांबवू नकोस.)

बाबा, तुम्ही म्हणालात, "क्रिएटिनिन १.२ आहे, नॉर्मल." रिपोर्टात तो आकडा ठळक छापलेला नाही हे खरं. पण क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडानं रक्तातून गाळून टाकायचा कचरा, आणि त्यावरून मूत्रपिंड किती गाळतं ते काढताना वय आणि बाई की पुरुष हेही धरतात. ६७ वर्षांच्या आईला १.२ म्हणजे गाळण्याचा वेग मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर. तुमचं क्रिएटिनिन ७२व्या वर्षी तेवढंच असतं तर तो वेग ६४च्या आसपास आला असता. हा वेग तीन महिने ६०च्या खाली राहिला तर डॉक्टर त्याला मूत्रपिंडाचा जुनाट आजार धरतात. आईचा आधी किती होता कोण जाणे, गावभागातल्या घरातली फाईल २०१९च्या पुरात गेली.

तुम्ही चाळीस वर्षं हळदीच्या अडतीत काढलीत. एकाच गावची, एकाच शिवारातली राजापुरी हळद आली तरी प्रत्येक वक्कलातलं, म्हणजे पोत्यांच्या प्रत्येक ढिगातलं, हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय सौद्यात भावासाठी कधी बोट दाबलं नाहीत. शेजारच्या वक्कलाचा भाव आपल्या पोत्याला लावला म्हणून शेठजींसमोर भांडलात, ते मी लहानपणी ऐकलंय. आईच्या बाबतीत मात्र शेजारच्या वक्कलाचाच भाव चालला.

मिठाचंही तेच. कमी सोडियमचं म्हणून आणलेल्या पुड्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं. धडधाकट मूत्रपिंडाच्या बीपीवाल्याला ते फायद्याचंही ठरतं. आईचं मूत्रपिंड मंद आणि वर टेल्मिसार्टन, म्हणजे पोटॅशियम अंगात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तो पुडा बाजूला ठेवा. साधंच मीठ, पण कमी. आणि लोणचं-पापड रोज नको, बाबा, तुम्हालाही.

गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. गल्लीत तिघींनी केलं आणि तिघी खूश आहेत, पण त्यांचे एक्स-रे आईचे नाहीत. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आईला कोणी शिकवलाय का? वजन चार किलो उतरलं तर काय फरक पडेल? वरून लावायचं जेल तिला चालेल का? ऑपरेशन वर्षभर लांबवलं तर नुकसान काय? हे डॉक्टरांना विचारायचं आणि उत्तरं वहीत उतरवायची. बाबांचं अक्षर चांगलं आहे. उत्तर पटलं नाही तर मिरजेत दुसऱ्यांनाही दाखवू, त्यात आधीच्या डॉक्टरांचा अपमान नाही.

मीही रात्री दोनपर्यंत मोबाईलवर वाचत बसले आणि नको तेवढी घाबरले. शेवटी कामाला आलं ते गोळीच्या खोक्यातलं घडी घातलेलं कागदी पान.

शुक्रवारी रात्री निघते, शनिवारी सकाळी पोहोचते. डबा तसाच्या तसा पिशवीत ठेवा, आयुर्वेदिक चूर्णासकट. आई, तपासणीला जाताना उपाशी राहायचं का ते लॅबला विचारून ठेव. काकांना माझा नमस्कार सांगा, पण उरलेल्या गोळ्या परत देऊ नका.

तुमची,
छकुली