सर्व्हे नंबरची तारीख होते तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमीन नोंदीच्या) उताऱ्यांची यादी संगणकावर चढवताना गोव्यातल्या कितीतरी पंचायतींत आणि सोसायट्यांत एक चूक रोज होते. सर्व्हे नंबर १२/३ टाइप करून एंटर दाबलं की स्प्रेडशीट त्याची १२ मार्च करते. १४५/७ मात्र तसाच राहतो, कारण अशी तारीखच नसते. मग एकाच रकान्यात अर्ध्या नोंदी तारखा आणि अर्ध्या मजकूर. रकाना नीट पाहिला तर तारखा उजव्या कडेला चिकटलेल्या दिसतात आणि मजकूर डाव्या. अशी यादी क्रमाने लावली की विस्कटते, आणि शोधलेला नंबर सापडत नाही.

मागाहून फॉरमॅट 'टेक्स्ट' करून उपयोग नाही. १२ मार्च २०२५ च्या जागी एक्सेल ४५७२८ दाखवतं, कारण आत तारखेचा क्रमांकच साठवलेला असतो. नंबर पुन्हा टाइप करावा लागतो. म्हणून रकाना आधीच टेक्स्ट करायला हवा. प्रत्येक नंबरआधी अपॉस्ट्रॉफी (') देऊनही जमतं, पण शेकडो नोंदींत एखादी राहतेच. त्यापेक्षा हे काम एका शॉर्टकटवर बसवावं.

लिबरऑफिसच्या कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये एफ-११ दाबून नवी सेल स्टाइल (चौकटीच्या फॉरमॅटचा साठवलेला संच) करा, 'नंबर्स'मध्ये 'टेक्स्ट' निवडा, तिला 'सर्व्हे' असं नाव द्या. ती फाइल उघडी ठेवूनच 'टूल्स', 'कस्टमाइझ', 'कीबोर्ड' इथे जा. उजवीकडे वर 'लिबरऑफिस' आणि 'कॅल्क' असे दोन पर्याय आहेत. 'कॅल्क'च निवडा, नाहीतर तीच की मजकूर लिहायच्या रायटरमध्येही लागू होईल. वरच्या यादीतून की निवडा, खाली 'स्टाइल्स'मधून 'सर्व्हे' निवडा आणि 'असाइन' दाबा. जुन्या आवृत्तीत याच बटणाचं नाव 'मॉडिफाय' होतं. की निवडताना यादीत जिच्यासमोरची जागा कोरी आहे अशीच घ्यावी, कारण दुसऱ्या कामाची की घेतली तर ते काम त्या कीवरून जातं. फिकट दिसणाऱ्या की बदलता येत नाहीत.

कंट्रोल-ऑल्ट आणि आकडा ही जोडी टाळावी. विंडोजमध्ये काही कीबोर्डवर उजवी ऑल्ट म्हणजे कंट्रोल-ऑल्टच. 'इंग्लिश इंडिया' कीबोर्डवर उजवी ऑल्ट आणि ४ दाबून ₹ उमटतो. तिथे शॉर्टकट बसवला की रुपयाचं चिन्ह टाइप होत नाही, आणि पावत्या करणाऱ्याला कारणही कळत नाही.

स्टाइल फाइलमध्ये राहते, शॉर्टकट संगणकात. म्हणून नव्या फाइलीत 'सर्व्हे' स्टाइल नसेल तर की दाबून काही होत नाही. स्टाइल टेम्प्लेटमध्येच ठेवावी. कीबोर्डची मांडणी त्याच खिडकीतल्या 'सेव्ह'ने फाइल म्हणून काढून दुसऱ्या संगणकावर 'लोड' करता येते. एकाच यंत्रावर दोन कारकुनांचं लॉगिन वेगळं असेल तर दोघांनाही ती लोड करावी लागते.

विंडोजवरच्या एक्सेलमध्ये की नेमून देण्याची अशी खिडकी नाही. तिथे क्विक अॅक्सेस टूलबारवर, म्हणजे वरच्या छोट्या पट्टीवर, बटणं ठेवायची. पहिल्या नऊ बटणांना ऑल्ट-१ ते ऑल्ट-९ आपोआप मिळतात. 'ऑल कमांड्स'मधून 'पेस्ट व्हॅल्यूज' पहिल्या जागी ठेवलं तर फॉर्म्युले न येता फक्त आकडे चिकटवण्याचं काम ऑल्ट-१ वर येतं. टेक्स्ट फॉरमॅटसाठी मॅक्रो (एकदा नोंदवून पुन्हा चालवता येणारी कृती) नोंदवून 'पर्सनल मॅक्रो वर्कबुक'मध्ये ठेवावा आणि कंट्रोल-शिफ्टसोबत अक्षर द्यावं. नुसतं कंट्रोल-सी दिलं तर कॉपी बंद पडते. मॅक्रो चालवल्यावर आधीचं काही 'अनडू' होत नाही, हे नव्या माणसाला आधीच सांगायला हवं. गुगल शीट्समध्ये मॅक्रोला कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट आणि ० ते ९ पैकी एक आकडा मिळतो, पण तो मॅक्रो त्या एका फाइलीपुरताच.

संगणक प्रशिक्षणात फॉर्म्युले शिकवतात, ही कीबोर्डची खिडकी कुणी उघडून दाखवत नाही. जमिनीच्या नोंदी हाताळणाऱ्या प्रत्येक कार्यालयात निदान टेक्स्टचा रकाना आधीच तयार असलेली एक कोरी फाइल आणि तिच्यासोबत कीबोर्डची फाइल ठेवावी, अशी पंचायत सचिवांना आणि प्रशिक्षकांना विनंती आहे.

आपला,
एक संगणक प्रशिक्षक, फोंडा