एंटरप्राइझला मागे वळवणाऱ्या काकांस

तीर्थस्वरूप काका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानू लागलो की तुम्ही चष्मा पुसत विषय बदलता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ‘वॉर इन द पॅसिफिक: अ‍ॅडमिरल्स एडिशन’ खेळणाऱ्यांना माझी त्या रात्रीची अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो, की दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिक महासागरावरच्या लढाईच्या, ७ डिसेंबर १९४१ ला सुरू होणाऱ्या या संगणकीय खेळात एक चाल म्हणजे युद्धाचा एक दिवस असतो, पूर्ण मोहीम १९४६ पर्यंत चालू शकते, आणि ईमेलवरून फायली पाठवत मी व माझा प्रतिस्पर्धी दोन वर्षांत जेमतेम ऑगस्ट १९४२ पर्यंत पोहोचलो होतो.

त्या ऑगस्टमध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाजवळ एकाच दुपारी माझ्या अमेरिकी ताफ्यातल्या लेक्सिंग्टन आणि हॉर्नेट या विमानवाहू नौका बुडाल्या, साराटोगाला दोन टॉर्पेडो लागले आणि धडधाकट अशी एकटी एंटरप्राइझ उरली. तिला दुसऱ्याच दिवशी जपानी ताफ्यावर धाडण्याची चाल मी रागाच्या भरात तयार करून ठेवली होती, आणि ती फसली तर डाव सोडतो असे पत्रही लिहून ठेवले होते. रात्री साडेअकराला तुम्हाला फोन केला तो खरे तर सांत्वनासाठी. तुम्ही सांत्वन केले नाही. “नुमियाला फर्नेस ऑइल किती शिल्लक आहे?” एवढेच माझ्या ताफ्याच्या त्या तळाबद्दल विचारलेत, आणि मला ते सांगता आले नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात आणि दोनशे पानी वहीत माझ्याकडून प्रत्येक जहाजाची नोंद करून घेतलीत. तेव्हा कळले की माझे निम्मे टँकर लॉस एंजेलिसच्या वाटेवर रिकामे होते, ते भरून परत यायला महिन्याहून अधिक काळ लागणार होता आणि तोवर मोठा ताफा हलवणेच शक्य नव्हते. म्हणजे ज्या हल्ल्यासाठी मी हट्ट धरला होता, त्यातून एंटरप्राइझ वाचली असती तरी तिच्यामागून पाठवायला माझ्याकडे काहीच नव्हते.

साराटोगाचा प्रसंग मात्र मी विसरणार नाही. पडद्यावर तिच्या नावापुढे फ्लोटेशनचे, म्हणजे पाणी शिरल्याचे, नुकसान ४८ दिसत होते आणि मी तिला थेट पर्ल हार्बरच्या शिपयार्डाकडे पूर्ण वेगाने सोडायला निघालो होतो. आयुष्यभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये घाम गाळलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या आकड्याने जी काळजी उमटली, ती मला खेळाहून खरी वाटली. पाणी शिरलेले जहाज पळवायचे नसते, आधी जवळच्या बंदरात पाणी उपसून घ्यायचे आणि मग सोबतीला विनाशिका देऊन सावकाश न्यायचे, हे तुम्ही मला बोट धरून शिकवल्यासारखे शिकवलेत. प्रत्यक्ष युद्धातही ऑक्टोबर १९४२ मध्ये हॉर्नेट बुडाल्यावर जखमी एंटरप्राइझची डागडुजी नुमियातच झाली होती आणि ती पुन्हा मोहिमेवर निघाली तेव्हा कारागीर अजून तिच्यावर काम करत होते, हेही त्याच दिवशी सांगितलेत.

माघार म्हटली की आपल्याकडे पुरंदरचा तह निघतोच. तो तुम्ही काढला नाहीत याबद्दल वेगळे आभार. त्याऐवजी तुम्ही एप्रिल १९४२ मधली मुंबई सांगितलीत. जपानी हल्ल्यात डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या क्रूझर गमावल्यावर ब्रिटिश अ‍ॅडमिरल सॉमरव्हिल यांनी चार जुन्या, मंद युद्धनौका आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किलिंडिनीला पाठवल्या आणि वॉरस्पाइट या युद्धनौकेसह वेगवान ताफा मुंबईला आणला. त्यांना भित्रा म्हणणारे म्हणोत, पण ताफा शाबूत राहिला, असे सांगताना तुम्ही गच्चीवरून गोदीकडे बोट दाखवलेत.

ग्वाडलकनालवरच्या लुंगा या माझ्या तळाबद्दल मात्र आपले अजून पटलेले नाही. तिथले मरीन सैनिक काढून घ्या, असे तुम्ही म्हणालात आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये जपान्यांनी त्याच बेटावरून तीन फेऱ्यांत दहा हजारांहून अधिक माणसे विनाशिकांवरून हलवल्याचा दाखला दिलात. मी तसेच केले, माणसे सुटली, पण तोफा मागे राहिल्या, आणि आणखी एक महिना तग धरता आला असता असे मला आजही वाटते. तुम्ही यावर हसता, ते मला ठाऊक आहे.

या गोष्टीला आता दीड वर्ष झाले. आमच्या खेळात मार्च १९४३ उजाडला आहे, साराटोगा शिपयार्डातून बाहेर पडली आहे, नवी कोरी एसेक्स ताफ्यात दाखल झाली आहे, आणि वैमानिकांच्या ज्या तुकड्या तेव्हा जहाजांवाचून पोरक्या झाल्या होत्या त्या किनाऱ्यावर शिकून तयार झाल्या आहेत. डाव सोडण्याचे ते पत्र मी अजून पुसलेले नाही, वहीच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवले आहे.

आजची चाल पाठवायची थांबवली आहे. फिजीतल्या सुवाला निघालेल्या सहा टँकरांबरोबर मी दोनच विनाशिका दिल्या आहेत आणि वाटेत पाणबुडी दिसल्याची खबर आहे. रविवारी याल तेव्हा पाहून सांगावे. काकूंना नमस्कार.

आपला,
वहीवाला पुतण्या