दादाच्या पीएफसाठी धावून आलेल्या मॅडमना, जाहीर आभार

मॅडम, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता मध्येच तोडता येणार नाही तुम्हाला. नाव लिहू नका म्हणालात, नाही लिहिलं. कंपनीचंही नाही.

वाचणाऱ्यांना आधी सांगतो, या मॅडम आमच्या कोणी लागत नाहीत. दादा सगळ्यात आधी ज्या कंपनीत होता तिथे त्या पीएफचं काम बघतात. ती नोकरी दादाने केव्हाच सोडली होती, वारला तेव्हा तो दुसरीकडे कामाला होता, त्यामुळे "आत्ताच्या कंपनीत विचारा" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला असता तरी कोणी नाव ठेवलं नसतं. मी फोन केला होता तो फक्त जुन्या पीएफ खात्याचा नंबर विचारायला.

आणि तुम्ही नंबर द्यायच्या आधी विचारलंत, वहिनी कशा आहेत, मुलं केवढी आहेत. मला वाटलं रीत म्हणून विचारताय. नंतर कळलं की मुलांचं वयसुद्धा तुम्ही कामासाठीच विचारलं होतं, कारण विधवा पेन्शनसोबत दोन मुलांपर्यंत मुलांची वेगळी पेन्शन मिळते, वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत, आणि ती आईच्या पेन्शनच्या २५ टक्के असते, प्रत्येक मुलाला. हे आम्हाला तोपर्यंत एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. पेन्शन हा शब्दच कोणी काढला नव्हता, उलट "दहा वर्षं सर्व्हिस भरली नाही तिथे, पेन्शन कसली" असं ऐकवलं होतं. तुम्ही म्हणालात, दहा वर्षांची अट माणूस स्वतः रिटायर होऊन पेन्शन घेतो तेव्हाची, नोकरीत असताना गेला तर पेन्शन स्कीममध्ये एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी बायकोला पेन्शन बसते. वहिनीला हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना, मला म्हणाली परत विचार. परत विचारलं. तुम्ही न चिडता परत सांगितलंत.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते नॉमिनेशनच्या वेळचे. दुसऱ्या दिवशी तुमचाच फोन आला, जुन्या फाइलमध्ये दादाने नोकरीला लागताना भरलेला फॉर्म २ सापडला होता आणि त्यात नॉमिनी म्हणून माझं नाव होतं, पूर्ण रकमेला. तेव्हा दादाचं लग्न व्हायचं होतं, आईबाबा आधीच गेलेले, घरात आम्ही दोघं भाऊ, मग दुसरं कोणाचं नाव लिहिणार तो. हे ऐकून मी गप्प झालो, तर तुम्ही लगेच पुढचं बोललात, की हा कागद आता चालत नाही, लग्न झालं की आधी भावाच्या नावाने केलेलं नॉमिनेशन बाद होतं, पीएफच्या नियमात भाऊ कुटुंबात धरत नाहीत, तुमचा यात काही हक्क नाही. इतकं सरळ. मला ते फार बरं वाटलं, खरंच सांगतो. कारण इकडे नातेवाइकांत कुजबुज सुरू झालीच होती, एकाने तर "तूच क्लेम कर आणि मग वहिनीला दे, सोपं पडेल" असा सल्लाही देऊन झाला होता, आणि वहिनी तोंडाने काही बोलत नव्हती पण घरात हवा बदलली होती. मी तुम्हाला स्पीकरवर घेऊन तेच सगळ्यांसमोर परत बोलायला लावलं. नवीन कंपनीत दादाने नॉमिनेशन केलेलंच नव्हतं, ऑनलाइन ई-नॉमिनेशन पण नाही, मग तुम्ही सांगितलंत की असं असेल तर पैसे कुटुंबात सारखे वाटले जातात, म्हणजे वहिनी आणि दोन्ही मुलं, तिघांना समान. मुलं लहान आहेत म्हणून त्यांच्या वतीने सही वहिनी करणार, आई आहे ती, त्यासाठी कोर्टात जाऊ नका, आणि मुलांच्या नावाने बँकेत खाती उघडून ठेवा. त्या दिवसानंतर आमच्या घरात या विषयावर वाद झाला नाही. हे काम कुठल्या फॉर्मने झालं नसतं.

मग तो विमा. दादाच्या कंपनीतल्या माणसाने सरळ सांगितलं होतं की विमा वगैरे काही नाही, पगारातून कधी कापलाच नाही, स्लिप बघा. स्लिप बघितली तर खरंच काही कापलेलं नव्हतं, आम्हाला पटलं पण. तुम्ही फोनवर हसलात जरा आणि म्हणालात कापणार कसा, ईडीएलआयचा, म्हणजे पीएफसोबतच्या या विम्याचा, हप्ता कर्मचारी भरतच नाही, अर्धा टक्का कंपनी भरते, १९७६ पासूनची योजना आहे ही. आणि मग हिशोब सांगितलात, शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ३५ पट, पगार १५ हजारापर्यंतच धरतात म्हणजे जास्तीत जास्त ५ लाख २५ हजार, वर पीएफमधल्या सरासरी शिलकीच्या निम्मे पण १ लाख ७५ हजाराच्या आत, एकूण ७ लाखांच्या वर जात नाही. मी कागदावर लिहून घेत होतो आणि वहिनी शेजारी बसून आकडे बघत होती. आम्ही फक्त पासबुकमध्ये दिसते तेवढीच रक्कम मिळणार असं धरून चाललो होतो हो मॅडम. पीएफ, पेन्शन आणि विमा हे तीन वेगळे पैसे आहेत आणि तिन्ही मागावे लागतात, न मागता येत नाहीत, हे तुमच्यामुळे कळलं. पूर्वी त्याला फॉर्म २०, १०-डी आणि ५-आयएफ असे तीन वेगळे फॉर्म होते, आता मृत्यूच्या केसला एकच कॉम्पोझिट फॉर्म आहे, पण त्यातसुद्धा आपण काय काय मागतोय तिथे टिक करावी लागते. ती टिक राहिली असती आमची.

दादाच्या कंपनीने ऑनलाइन रेकॉर्डला त्याची नोकरी संपल्याची तारीख टाकली होती पण कारणात साधं नोकरी सोडली असं टाकलेलं. ते तुमच्या लक्षात आलं कारण तुम्ही मला यूएएनची, म्हणजे दादाच्या पीएफच्या कायमच्या नंबरची, सर्व्हिस हिस्टरी वाचून दाखवायला लावली, ओळ न ओळ. "डेथ इन सर्व्हिस" असं पाहिजे तिथे, नाहीतर विम्याचा क्लेम अडेल, आधी हे दुरुस्त करून घ्या मग फॉर्म भरा. तिथल्या लोकांनी पुष्कळ टोलवाटोलवी केली, शेवटी तुम्ही त्यांच्याशी स्वतः बोललात, काय बोललात माहीत नाही, पण बदललं. दादाच्या नावाचं स्पेलिंग आधारवर वेगळं आणि पीएफमध्ये वेगळं होतं तेही तेव्हाच निघालं, त्याचं जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज, लगेहात झालं. जुन्या नोकरीचं खातं नव्या खात्यात कधी ट्रान्सफर झालेलं नव्हतं, तेवढी सर्व्हिस पेन्शनच्या हिशोबातून सुटली असती, त्याचे कागद तर तुमच्याच टेबलावरून निघाले.

मधल्या काळात एक एजंट पण भेटला होता. मिळेल त्या रकमेवर टक्के मागत होता, आणि बोलायला इतका गोड की वहिनी तयार झाली होती जवळजवळ. तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. फॉर्मला एक रुपया लागत नाही, कंपनीची सही नाही मिळाली तर बँक मॅनेजर किंवा गॅझेटेड ऑफिसरची चालते, आणि अडलंच तर दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात पीएफवाल्यांचं "निधि आपके निकट" शिबिर असतं, तिथे थेट अधिकाऱ्यासमोर जाऊन बसा. एजंटला मी फोन करून नको सांगितलं. तो म्हणाला अडकेल बघा. अडकलं नाही.

आता कुठवर आलं ते सांगतो. पीएफची रक्कम आली, तिघांच्या खात्यात वेगवेगळी. त्यानंतर विमा आला. पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा कागद, सगळ्यात शेवटी हातात पडला, त्यात वहिनी आणि दोन्ही मुलांची नावं आहेत, फोटोसकट, स्पेलिंग मी तुमच्यासारखं ओळ न ओळ तपासलं. पेन्शनची रक्कम फार मोठी नाही हे तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलं होतं म्हणून वहिनी हिरमुसली नाही, महिन्याचा किराणा त्यात निघतो म्हणाली. हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा, तो मोबाइलवरून जीवन प्रमाणवर चेहरा दाखवूनही होतो हे तिला तुम्हीच शिकवलंत, तिने तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.

माझ्या नावाचा तो जुना फॉर्म २ आहे ना, त्याची झेरॉक्स वहिनीने दादाच्या कागदांसोबत ठेवून घेतली, मला दिली नाही. म्हणाली अक्षर त्याचं आहे.

वहिनीला तुमच्याशी बोलायचंय, रविवारी सकाळी फोन करेल. उचला, आणि कृपा करून तिला तरी "अहो त्यात काय" म्हणू नका, तिने काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय.

तुमचा,
दादाचा धाकटा भाऊ