ग्रंथपाल आणि ग्रंथदहन

महोदय,

रोमच्या चर्चला आव्हान देणारा जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात त्याचा प्रतिपक्षी जिरोलामो आलेआंद्रो (१४८०–१५४२) याचा उल्लेख क्वचितच आढळतो. वास्तविक तो कोणी आडमुठा धर्ममार्तंड नव्हता. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस याने १५०४ मध्ये छापलेले ‘इलियड’ ग्रीक भाषेच्या या जेमतेम चोविशीतल्या पंडिताला अर्पण केले, १५०८ मध्ये तेथेच तो डच विद्वान इरॅस्मस याच्याबरोबर एका खोलीत राहिला आणि पुढे पॅरिसमध्ये ग्रीक शिकवता शिकवता १५१३ मध्ये तेथील विद्यापीठाचा रेक्टर झाला.

१५१९ मध्ये पोप दहावा लिओ याने त्याला व्हॅटिकनचा ग्रंथपाल नेमले आणि पुढच्याच वर्षी ल्यूथरविरुद्धचे फर्मान देऊन सम्राट पाचवा चार्ल्स याच्याकडे दूत म्हणून धाडले. मग लूव्हाँ, कोलोन येथे याच ग्रंथपालाच्या देखरेखीखाली ल्यूथरची पुस्तके जाळली गेली. माइन्झमध्ये मात्र जल्लादाने जमलेल्या लोकांनाच विचारले, ही पुस्तके रीतसर दोषी ठरली आहेत काय? लोक ‘नाही’ म्हणून ओरडताच त्याने आग लावायचे साफ नाकारले. जर्मनीतील वर्म्स शहरी १५२१ मध्ये ल्यूथरला कायद्याबाहेर ठरवणारा सम्राटाचा हुकूमनामा निघाला, त्याचा मसुदाही आलेआंद्रोचाच.

तरीही त्याला निव्वळ खलनायक ठरवणे मला पटत नाही, कारण जर्मनीत रोमविरुद्ध केवढा संताप धुमसत आहे, हे त्याने वर्म्सहून पाठवलेल्या खलित्यांत आडपडदा न ठेवता लिहिले. हे खलिते आजही इतिहासकारांना उपयोगी पडतात.

– एक वाचक, पुणे